माणसाचा दोर, लाकडाचा दोर

मी दोर. बोलायची सवय नाही. दोराचं काम धरणं, ओढणं आणि गप्प राहणं. पण एकदा मी गप्प राहिलो आणि माणूस जाता जाता राहिला. म्हणून बोलतो आहे. थोडक्यात बोलतो. पाल्हाळ वेलीला शोभतो, दोराला नाही.

मी नायलॉनचा. तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड, शंभर हात लांब. आई-बाप विचाराल तर एक मशीन होतं. ते फार आवाज करायचं. त्याच्याबद्दल अजून काही आठवत नाही. पीळ मात्र त्यानं असा दिला की आजवर कुणाला उलगडता आला नाही.

तिथून अकोल्याच्या एका दुकानात आलो. दाराशी टांगून ठेवलं होतं. माणसं दोर कशी घेतात ते मी तिथं पाहिलं. दोन्ही हातांत धरायचं, ओढायचं, तोंड गंभीर करायचं आणि मान हलवायची. काय कळलं ते त्यांनाही माहीत नसतं. एकानं तर मला चावून पाहिलं. मी गोड लागलो असतो तर त्यानं घेतलं असतं बहुतेक.

मग डोमाजी आला. अमरावतीचा. उंच, काटक, पन्नाशीचा. त्यानं ओढलं नाही, चावलं नाही. दुकानाच्या लोखंडी आढ्यावरून मला टाकलं, दोन टोकं धरली आणि पाय उचलून लटकला. दुकानदार म्हणाला, "अहो, छत खाली येईन."

"छताचं तू पाह्य," डोमाजी म्हणाला. "दोराचं मी पाह्यतो."

घेतला त्यानं मला. मला बरं वाटलं. काम जाणणाऱ्याच्या हाती पडणं सगळ्यांच्या नशिबात नसतं. माझ्या शेजारच्या वेटोळ्याला एका मंडपवाल्यानं नेलं. तो आजपर्यंत लग्नं पाहतो आहे.

डोमाजीचा धंदा झाडं उतरवायचा. पाडायचा नाही, उतरवायचा. फरक सांगतो. मोकळ्या वावरातलं झाड कुणीही पाडतो. पण झाड घरावर झुकलं असलं, खाली भिंत, पलीकडे विजेची तार, अंगणात गाय, अशा ठिकाणी फांदी पडून चालत नाही. ती कापायची आणि दोरानं खाली आणायची. वरच्या मजबूत बेचक्यातून दोर टाकायचा. एक टोक कापायच्या फांदीला. दुसरं टोक खाली, बुंध्याला दोन वेढे घालून, खालच्या माणसाच्या हाती. फांदी कापली की तिचं वजन दोरावर येतं. वेढे ते वजन खातात. खालचा माणूस थोडी थोडी ढील देतो आणि फांदी निमूटपणे जमिनीवर येते. यात वरचा माणूस शूर लागतो आणि खालचा शहाणा.

वरचा माणूस डोमाजी. खालचा बुधाजी. बुधाजी म्हणजे डोमाजीच्या बायकोचा, चतुराबाईचा भाऊ, त्याचा साळा. आखूड, गोल, तोंडाळ. पण हात असे की मला त्याच्या मुठीत झोप लागायची.

अमरावती, अकोला, नांदगाव खंडेश्वर, सगळीकडे आम्ही तिघं फिरलो. निंब उतरवले, निलगिरी उतरवल्या. वस्तीतल्या विहारापाशी पिंपळ आहे, त्याच्या वाळक्या फांद्या डोमाजी दरवर्षी काढतो. तिथं मात्र कुऱ्हाड लावत नाही, आरीच लावतो. काहून, असं बुधाजीनं एकदा विचारलं. "त्याले आवाज नाही आवडत," डोमाजी म्हणाला. पिंपळानं असं कधी सांगितलं ते मला माहीत नाही.

डोमाजी स्वतःही माझ्यावरच चढायचा. मला वरच्या बेचक्यातून टाकायचा, एक टोक कमरेला बांधायचा आणि दुसऱ्या बाजूला एक गाठ मारायचा. ती गाठ हातानं ढकलली की सरकते, अंगाचं वजन पडलं की आवळते. असा गाठ ढकलत, अंग उचलत वर जायचा. वर पोचला की मलाच फांदीला बांधायचा. माणूसही मीच धरायचो, लाकूडही मीच. मला त्याचा अभिमान होता. चूक तिथंच होती, पण अभिमानाला चूक दिसत नाही.

पहिली दोन वर्षं तो रोज सकाळी मला हातातून काढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आठवड्यातून एकदा. मग नाहीच. ओळख जुनी झाली की माणूस बघणं सोडतो. बायकोच्या बाबतीतही त्याचं तसंच झालं होतं, असं चतुराबाई म्हणायची.

आता परतवाड्याचं सांगतो.

मे महिना होता. किशोरभाऊ नावाच्या माणसाच्या अंगणात शिरीष होता, चाळीस हात उंचीवर बेचकं. डोमाजी वर. एक जाड फांदी कापून झालेली, माझ्यावर लटकलेली. बुधाजी खाली, वेढे धरून. आणि दोघांचं भांडण चालू. भांडण एकतीस वर्षं जुनं होतं, डोमाजीच्या लग्नापासूनचं.

"भाऊजी, तुमची वरात बारा वाजता आली होती," बुधाजी खालून म्हणाला.

"साडेदहाले."

"बारा. आमच्या मायनं वरण तीनदा तपवलं."

"यष्टी पंक्चर झाली होती."

"यष्टी नाही झाली पंक्चर. तुमी झोपले होते. तुमच्या काकानंच सांगतलं."

"माहा काका तवा वारला होता बे."

"मंग दुसऱ्या काकानं सांगतलं."

ऊन डोक्यावर होतं. डोमाजीनं बाहीनं कपाळ पुसलं. आणि भांडण संपवायला आपल्याकडे सगळे जे म्हणतात तेच म्हणाला, "जाऊ दे, बुधाजी."

बुधाजीनं जाऊ दिलं.

वेढे सुटले. शंभर माणसांनी ओढावं तसा मी त्या बेचक्यातून धावलो. फांदी खाली गेली. खाली किशोरभाऊचा कुलर होता, खिडकीला लावलेला, सकाळीच पाण्यानं भरलेला. तो जागेवरच बसला आणि परत उठला नाही. पाणी उंबरठा ओलांडून घरात गेलं.

कुणाला खरचटलंही नाही.

"तुमीच म्हणले ना, जाऊ दे," बुधाजी म्हणाला.

"मी भांडण जाऊ दे म्हटलं बे."

"मंग तसं म्हणाव ना. भांडण जाऊ दे, फांदी राहू दे."

किशोरभाऊ दारात उभा होता, पाय ओले. तो म्हणाला, "वरात किती वाजता आली ते मंग ठरवू. मे महिना हाये. आज मी झोपू कुठी?"

त्यावर उत्तर एकच होतं. संध्याकाळी डोमाजीच्या घरचा कुलर परतवाड्याला गेला. चतुराबाईनं उरलेला उन्हाळा पुठ्ठ्यानं वारा घेत काढला आणि येईल त्याला सांगितलं, "आमचा कुलर जाऊ देला यायनं."

त्या दिवसापासून नियम झाला. झाडाखाली 'जाऊ दे' म्हणायचं नाही. 'धर' म्हणजे घट्ट धरायचं. 'ढील' म्हणजे हळूहळू सोडायचं. 'सोड' फक्त फांदी जमिनीवर टेकल्यावर. चौथा शब्द नाही. नियम चांगला होता. पण त्यामुळे पुढं झालं असं की दोघांचं एकही भांडण झाडाखाली संपेना. संपवायचा शब्दच बंद. मग ते घरी न्यायचे, घरी जेवायला बसायचे, आणि चतुराबाई म्हणायची, "इथंही नाही. हे झाड माह्यं हाये."

सगळे कुलरबद्दल बोलत होते. माझ्याबद्दल कुणी बोललं नाही. खरी गोष्ट तिथं होती.

धावता धावता ते बेचकं तापलं होतं. फांदी टेकली, मी थांबलो, आणि थांबलो तो नेमका त्या तापलेल्या खाचेत. माझ्या चाळिसाव्या हातावर चटका बसला. तीनपैकी एक पेड पुरता वितळला, दुसरा अर्धा. वरून काही दिसत नव्हतं. चिकाचा आणि मातीचा थर बसला, झाकलं गेलं. हात फिरवला असता तर कळलं असतं. तिथं मी कडक झालो होतो, काचेसारखा गुळगुळीत.

कुणी हात फिरवला नाही. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. नऊ वर्षांत माझ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता काय म्हणून ठेवू द्यायचं.

त्याच आठवड्यात डोमाजीचा गुडघा सुजला आणि पाच महिने काम बंद राहिलं. मी खुंटीवर. गुडघ्याचं तो कुणाला बोलला नाही. ऊन फार आहे म्हणाला, मग पाऊस फार आहे म्हणाला. आम्ही दोघं एकमेकांसमोर आपापलं दुखणं झाकून बसलो होतो. फरक एवढाच, की त्याचं दुखणं त्याला चालू देत नव्हतं, आणि माझं दुखणं त्याला मारणार होतं. तो त्याच दोरावर परत चढणार, हे मला ठाऊक होतं. आणि फक्त मलाच ठाऊक होतं.

त्याच दिवसांत मुलगी घरी आली. प्रियदर्शनी. पुण्याकडे सहा महिने झाडावर चढायचं रीतसर शिक्षण घेऊन. असंही शिक्षण असतं हे डोमाजीला पटेना. "चढाचं शिकवतेत?" तो म्हणाला. "मंग पडाचं बी शिकवत असतीन."

"हो," ती म्हणाली. "नाही पडाचं कसं, ते."

तिनं सामान आणलं होतं. डोक्याला लाल टोपी. कंबर आणि मांड्या दोन्ही धरणारा पट्टा. पेचाच्या कड्या. एक कप्पी, म्हणजे दोर बेचक्यात घासत नाही, चाकावरून फिरतो. पातळ दोरीला बांधलेली वाळूची थैली, वर फेकायला. आणि दोन दोर. एक निळा, एक नारिंगी.

"निळा माणसाचा, नारिंगी लाकडाचा," तिनं बापाला सांगितलं. "एकाचं काम दुसऱ्याले नाही द्याचं. लाकूड झटके देते. झटके खाल्लेल्या दोरावर माणूस नाही लटकवाचा."

हे दोघं माझ्या शेजारच्या खुंटीवर आले. निळ्याला पीळच नव्हता. वरून विणलेलं कापड, आत गाभा. मोजाच म्हणा ना. मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र आठ दिवसांत त्या घराची रीत शिकला आणि रोज सकाळी मला जयभीम घालू लागला. मी भिंतीकडे पाहायचो.

दर रविवारी प्रियदर्शनी त्या दोघांना मांडीवर घेऊन हात फिरवायची. वीत वीत. डोळे मिटून. मग माझ्याकडे वळायची.

"बाबा, तुमचा दोर पाहू द्या."

"त्याले दुसऱ्याचा हात नाही लागत."

"मामाचा लागते ना."

"मामाचा लागला म्हणूनच त कुलर गेला."

बुधाजी चहा पीत असला तर खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "पाह्यलं? मी काही बोललो का?"

दिवाळीनंतर चांदूर बाजारहून फोन आला. खुशालराव म्हणून मोठे शेतकरी. घरामागे जुनी चिंच. वाऱ्यानं तिची एक फांदी मुळाशी तडकली होती. फांदी कसली, बैलाच्या अंगाएवढी जाड, आणि नेमकी स्वैपाकघराच्या छपरावर, कवेलूंवर आडवी. डोमाजीनंच यावं, असं त्यांचं म्हणणं. डोमाजीनं त्या रात्री गुडघ्याला तेल लावलं, वर घट्ट फडकं गुंडाळलं आणि सकाळी पायजमा चढवून असा चालला जसा नवरदेव.

छोट्या हत्ती टेम्पोत आम्ही सगळे गेलो. डोमाजी, बुधाजी, प्रियदर्शनी, आणि आम्ही तीन दोर.

खुशालराव फाटकात होते. त्यांची बायको मैनाबाई गॅस उचलून ओसरीत आणून बसली होती. चार दिवसांपासून तिथंच स्वैपाक. फांदी करकरत होती. तडा रोज बोटभर वाढत होता.

डोमाजीनं पोत्यातून मला काढलं.

"बाबा, निळा घ्या," प्रियदर्शनी म्हणाली.

"मी मोज्यावर नाही लटकत."

"मंग याच्यावर एकदा हात फिरवू द्या. पाच मिनिटं."

"नऊ वर्षं झाले. यानं मले कधी पाडलं नाही."

"पाडाचं एकदाच असते, बाबा. दुसऱ्यांदा कोनी विचारत नाही."

डोमाजीच्या कपाळावरची शीर उभी राहिली. खुशालराव पाहत होते. मैनाबाई पोळी लाटायची थांबली होती. चार लोकांत बाप पोरीचं ऐकतो का? त्या पिढीतला नाही ऐकत. त्यानं बुधाजीकडे पाहिलं.

"मी काही बोलत नाही," बुधाजी म्हणाला. "बोललो की कुलर जाते."

डोमाजीनं दोरीला दगड बांधून वर फेकला. तिसऱ्या खेपेला तो बेचक्यातून गेला. बेचकं तीस हातांवर, चांगल्या फांदीचं. मी वर ओढला गेलो, पलीकडून खाली आलो. त्यानं माझं टोक कमरेच्या जुन्या पट्ट्याला बांधलं, गाठ मारली, आणि अंग सोडलं.

मी धरलं. दुसरं काय करणार.

आता हिशेब ऐका. तो एका बाजूनं वर येत होता. माझा भाजलेला चाळिसावा हात दुसऱ्या बाजूनं खाली येत होता. डोमाजी जितका वर, तितका तो खाली. जमिनीपासून दहा हातांवर दोघांची गाठ पडणार होती. मला अक्षर येत नाही, पण एवढं गणित येतं.

मला ओरडायचं होतं. दोराला एकच आवाज असतो, करकर. तो मी केला. "आज लय करकरते," डोमाजी पुटपुटला, आणि वर सरकला. पाच हात. सहा. त्याचा गुडघाही करकरत होता. आठ. नऊ. उरलेल्या दीड पेडानं मी त्याचं सगळं वजन पेललं होतं, आणि पहिल्यांदाच मला माझ्या पिळाची खात्री नव्हती.

दहा.

त्यानं गाठ ढकलली, ती भाजलेल्या जागी आली, त्यानं वजन टाकलं, आणि गाठ आवळलीच नाही. गुळगुळीत होतो ना मी तिथं. तो वीतभर घसरला. मग खालचा खरबरीत भाग लागला आणि गाठीनं पकडलं.

डोमाजी थांबला. दोन्ही पायांनी बुंधा धरला. अंगठ्याला थुंकी लावून त्यानं माझ्यावरची माती पुसली. काचेसारखी चमक निघाली. त्यानं नख लावलं. नख घसरलं.

त्याला कळलं. त्याच्या बोटांतून मला कळलं की त्याला कळलं.

"बाबा, काय झालं?" खालून पोरगी.

"काही नाही."

हेच. पाच महिने मीही हेच सांगत होतो.

एक गोष्ट करता आली असती. गाठ सहा बोटं पुढं ढकलली असती तर भाजलेली जागा मागं पडली असती. वर जाईपर्यंत तिच्यावर वजन आलं नसतं. खाली कुणाला समजलं नसतं. उतरताना मात्र ती परत समोर आली असती. डोमाजी हाच विचार करत होता. मी त्याला नऊ वर्षं ओळखतो. खाली खुशालराव, मैनाबाई, साळा, पोरगी. वर तो आणि मी. त्याची बोटं गाठीवर गेली.

बराच वेळ गेला. ओसरीत एक पोळी करपली. तिचा वास वर आला.

मग बोटं गाठीवरून निघाली.

"दोर भाजला हाये," तो म्हणाला. हळू म्हणाला.

"काय?"

"भाजला हाये म्हटलं. परतवाड्याले भाजला. मी पाह्यला नाही."

मी पाह्यला नाही. असं वाक्य त्या तोंडातून कुणी ऐकलं नव्हतं. बुधाजी होता तिथंच मातीत बसला.

'मी सांगत होती ना' असं प्रियदर्शनी एकदाही म्हणाली नाही. हे तिला पुण्यात शिकवलं की आईनं शिकवलं, मला माहीत नाही. तिनं वाळूची थैली उचलली, पायांमधून दोन झोके दिले आणि फेकली. पहिल्याच खेपेला डोमाजीच्या डोक्यावरच्या बेचक्यातून गेली. निळा दोर सरसरत वर गेला आणि कडीसकट डोमाजीपाशी आला; दुसरं टोक तिनं खाली बुंध्याला वेढे घालून धरलं.

"बुंधा सोडू नका. कडी पट्ट्याले लावा. पेच फिरवा. फिरवला?"

"फिरवला."

"ओढून पाहा."

"पाह्यला."

"आता पाय सोडा."

डोमाजी मोज्यावर लटकला.

निळा माझ्या अंगाला लागून होता. ताणलेला, पण आवाज नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही सैल व्हा. मी धरलं आहे." काका म्हणाला. मी सैल झालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा झाडावर असताना सैल झालो. आणि त्याला ओ दिली.

पोरीनं वेढ्यांवरून ढील दिली आणि डोमाजी खाली आला. मला जमिनीवर पसरलं. टोकापासून हात फिरवत आला, चाळिसाव्या हातापाशी थांबला. विळा मागितला. बुधाजी म्हणाला, "मी कापू?" डोमाजीनं मान हलवली आणि स्वतः कापलं. भाजलेला तुकडा काढून टाकला. मला दुखलं का, असं विचारू नका.

"फांदीचं काय मंग?" खुशालराव म्हणाले.

"पोरगी चढन," डोमाजी म्हणाला.

"पोरगी?"

मैनाबाई ओसरीतून म्हणाली, "मी चार दिवसापासून इथं सैपाक करून राहिली. कोनी बी चढा. पन चढा."

प्रियदर्शनी चढली. बाप चढायचा तशी नाही, अंगाला झटके न देता, जिना चढावा तशी. वर चांगल्या फांदीला कप्पी टांगली, तिच्यातून नारिंगी दोर घातला, तडकलेल्या फांदीला बांधला. तिच्या शेंड्याला आणखी एक दोर लागत होता, फांदी कवेलूंकडे झुलू नये म्हणून बाजूला ओढून धरायला. तिथं मला बांधलं. माझा साठ हातांचा तुकडा. हलकं काम. पण काम.

मला बुधाजीनं धरलं. मग नारिंगीचे वेढे कुणी धरायचे? माणूस एकच उरला होता. तीस वर्षांत डोमाजी कधी खालचा माणूस झाला नव्हता.

"ऐका भाऊजी," बुधाजी त्याला शिकवू लागला. मला त्याच्या मुठीवरून कळत होतं की त्याला किती मजा येते आहे. "वरून सांगतीन तेवढंच कराचं. जास्त नाही, कमी नाही. डोकं नाही लावाचं."

"तू नव्हतं लावलं म्हणूनच त—"

"झाडाखाली भांडण नाही."

वर करवतीचं मशीन सुरू झालं. तिनं आधी खालून चार बोटं काप घेतला, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. मग वरून. फांदी एकदा मोठ्यानं कण्हली आणि सुटली. सगळं वजन नारिंगीवर आलं. शेंडा कवेलूंकडे वळू लागला. मी ताणलो. बुधाजीच्या टाचा मातीत रुतल्या.

"आता सोडाव लागते," डोमाजी खालून म्हणाला.

"बाबा, वरचा सांगते. खालचा ऐकते."

"मले मालूम हाये."

"मंग ऐका. धर."

त्यानं धरलं.

"ढील."

त्यानं वीतभर ढील दिली. फांदी वीतभर खाली आली. मान वर करून तो पोरीच्या तोंडाकडे पाहत होता, शाळेतलं पोर फळ्याकडे पाहतं तसा. ढील. धर. ढील. ढील. धर. कवेलूंच्या कडेवरून, न्हाणीच्या भिंतीवरून, हातभर अंतर राखून फांदी अंगणात आली आणि टेकली.

"सोड," ती म्हणाली.

डोमाजीनं लगेच सोडलं नाही. आधी पायानं फांदी ढकलून पाहिली. मग सोडलं.

एक कवेलू फुटलं. ते आमच्यामुळे नाही. खुशालरावांची मांजर घाबरून पळाली, तिच्यामुळे. मैनाबाईनं गॅस आत नेला आणि सगळ्यांना जेवायला वाढलं. वाढताना तिनं पहिलं ताट प्रियदर्शनीसमोर ठेवलं. डोमाजीनं ते पाहिलं आणि खाली मान घालून वरणात पोळी मोडली.

आता मी दोन तुकड्यांत आहे. मोठा तुकडा कामावर जातो, लाकूड बाजूला ओढायला. धाकटा छोट्या हत्तीत फांद्या बांधून नेतो. माणूस आता माझ्यावर कुणी लटकत नाही. सुरुवातीला वाईट वाटलं. मी लाकडाचा दोर झालो. पण लाकूड कुरकुर करत नाही, आणि त्याला वरातीही नसतात.

डोमाजी आता खालचा माणूस आहे. चांगला होतो आहे. चहाच्या टपरीवर कुणी भेटलं की तो स्वतःहून ती गोष्ट सांगतो. दोर भाजला होता, मी पाह्यला नाही. बुधाजी बाजूला बसून ऐकतो. तो काही जोडत नाही. हे त्याला किती जड जात असेल ते मला कळतं.

रविवारी प्रियदर्शनी अंगणात चटई टाकते. निळा, नारिंगी, मग माझे दोन्ही तुकडे, वीत वीत. ते झालं की ती बापाकडे वळते. तो म्हणतो, "गुडघा चांगला हाये." ती ऐकत नाही. पायजमा वर करते, त्याच हातानं गुडघा चाचपते, आणि म्हणते, "उद्या डॉक्टरकडे जाचं." तो खुशालरावांच्या चिंचेसारखा कण्हतो. पण जातो.

तर सांगायचं ते एवढंच. तुमच्या घरी जुना दोर असेल, किंवा जुना माणूस असेल, तर त्याला बरं आहे का म्हणून विचारत बसू नका. आम्ही 'बरं'च सांगतो. तुटेपर्यंत 'बरं'च सांगतो. हात फिरवा.